तुझा चौथा रकाना

अलका, तुझ्या अंत्यविधीला पॉलीन तुझा तो जांभळा कार्डिगन घालून आली होती. बाकी काही लिहायच्या आधी हे लिहिते, कारण गेले पाच आठवडे माझ्या मनात सगळ्यात वर हेच आहे. माणूस गेलं की लोक त्याचे गुण आठवतात. मला कार्डिगन आठवतो. दोन हिवाळे तू तो माझ्या स्वयंपाकघरात बसून विणत होतीस. लोकर आणायला आपण बरोबर गेलो होतो, रंग मी निवडला होता, आणि खरं सांगते, तो माझ्यासाठीच आहे असं मी धरून चालले होते. विचारायचं कशाला, वाढदिवसाला देईल, म्हणून गप्प बसले. आणि तो निघाला पॉलीनच्या अंगावर, क्रेमॅटोरियमच्या पहिल्या रांगेत.

तुला त्या दिवशी हसू आलं असतं. क्रेमॅटोरियमची वेळ मिळेपर्यंत सतरा दिवस गेले आणि गुरुजींना त्याच्या आधीच्या रविवारचीच सवड होती. त्यामुळे तुझे दिवस आधी झाले आणि अंत्यविधी नंतर. मीराने मला बाजूला घेऊन विचारलं, "नंदामावशी, हा ऑर्डर बरोबर आहे का?" तुझी लेक, डोळे सुजलेले, आणि तरी तुझ्यासारखीच क्रमाची काळजी. मी म्हटलं, "बरोबर नाही गं, पण तुझी आई चालवून घेईल." तू चालवून घेतलं नसतंस. तू गुरुजींना वेळापत्रक करून दिलं असतंस.

मग पॉलीन उठली. हातात कागद नाही. दोन-तीन वाक्यं स्पॅनिशमध्ये बोलली आणि मग इंग्लिशमध्ये म्हणाली, "ॲल माझी बेस्ट फ्रेंड होती." ॲल! छत्तीस वर्षं मी तुला अख्खं अलका म्हणत आले. हिने चार वर्षांत निम्मं नाव खाऊन टाकलं. मी दुसऱ्या रांगेत बसले होते, मावशी म्हणून. शेजारी आमचे हे. ते हळूच म्हणाले, "नंदा, मुठी सोड."

छत्तीस वर्षं, अलका. लेस्टरमध्ये मुलींच्या नर्सरीच्या गेटवर तू मला पहिल्यांदा म्हणालीस, "तुमच्या पिशवीत थालीपीठ आहे ना? वास येतोय." पुढच्या आठवड्यात ‘तुम्ही’ गेलं आणि ‘नंदे’ सुरू झालं. मी कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसात होते, तू हॉस्पिटलात रक्तवाहिन्यांचे स्कॅन करायचीस. एकोणतीस वर्षं लोकांच्या पायांना थंडगार जेल लावून, स्क्रीनकडे बघत, आत गुठळी आहे की नाही ते सांगायचीस. हे मुद्दाम लिहून ठेवते. पुढे लागणार आहे.

आणि मेरिदा ही माझी कल्पना होती. हेही कुठेतरी लिहिलेलं असू दे.

डेंटिस्टच्या वेटिंग रूममधल्या मासिकात तो फोटो मी पाहिला. एका चौकातली पांढरी खुर्ची. खुर्ची कसली, दोन खुर्च्या उलटसुलट तोंडं करून एकमेकींना चिकटवलेल्या. एक माणूस इकडे तोंड करून बसतं, दुसरं तिकडे, आणि जरा मान वळवली की दोघं थेट समोरासमोर. मेक्सिकोतल्या मेरिदा शहरात जागोजागी अशा खुर्च्या आहेत, असं खाली लिहिलं होतं. मी मोठ्याने खोकत खोकत ते पान फाडलं आणि पर्समध्ये टाकलं. शनिवारी तुला दाखवलं. तू चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिलीस आणि म्हणालीस, "इथून समुद्र किती लांब आहे?"

तिथून जो वाद सुरू झाला तो अकरा वर्षं चालला. मला शहर हवं होतं. रंगवलेली जुनी घरं, चारशे वर्षांचं दगडी चर्च, तो मोठा झाडांचा रस्ता, बाजार, खुर्ची. तुला समुद्र हवा होता. मेरिदाहून बसने तासाभरात प्रोग्रेसो, तिथला पाण्यात कुठच्या कुठे गेलेला लांबलचक धक्का. दुसऱ्या बाजूला सेलेस्तून, तिथले फ्लेमिंगो. मी म्हणायचे, मुक्काम शहरात करू, समुद्रावर दिवसभर जाऊन येऊ. तू चहाचा कप खाली ठेवायचीस.

"समुद्राला काय भेटून परत यायचं असतं, नंदे? तो काय वॉर्डात ॲडमिट आहे? त्याच्याजवळ राहायचं असतं."

"आठ दिवस शहर, दोन दिवस समुद्र."

"आठ दिवस समुद्र, दोन दिवस तुझी खुर्ची."

तू गुहागरची, मी सोलापूरची, तेव्हा वाद मिटणार कसा? पण एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. मला पोहता येत नाही हे तुला ठाऊक होतं. पाण्याची भीती वाटते हे मी कधी बोलले नाही. स्केग्नेसच्या किनाऱ्यावर गेलो की तू पाण्यात शिरायचीस आणि मी वाळूत पिशव्या राखत बसायचे, ‘थंडी वाजते’ म्हणून. तू लांब गेलीस की तुझं डोकं दिसेनासं व्हायचं आणि मी डोळ्यांवर हात धरून ते शोधत बसायचे. परत आलीस की मी तुझ्यावर कशावरून तरी चिडायचे. सँडविचला वाळू लागली, टॉवेल कुठे टाकलास, असलं काहीतरी. दहा दिवस मला ते जमलं नसतं. चर्चबिर्च सगळं निमित्त.

प्रवास आखायची तुझी पद्धत तुझ्या कामासारखी होती. निळा प्लास्टिकचा फोल्डर, प्रत्येक दिवसाला एक पान, पानावर चार रकाने. सकाळ, दुपार, संध्याकाळ, हे तीन इंग्लिशमध्ये. चौथ्या रकान्याचं नाव ‘काय बिघडू शकतं’, आणि तो कायम मराठीत. मी विचारलं होतं, हा एकच मराठीत का? तू म्हणालीस, "दिवसभर लोकांचं वाईट इंग्लिशमध्ये लिहिते. आपली काळजी आपल्या भाषेत." मग त्या रकान्यात तू काय काय लिहायचीस! ‘बस चुकेल.’ ‘नंदा पेढ्यांचा डबा कस्टम्सवाल्यांना उघडू देणार नाही.’ ‘दोघींपैकी एकीला दुसरीचा कंटाळा येईल.’ मी म्हटलं, हे कशाला लिहितेस? तू म्हणालीस, "लिहिलं की होत नाही."

एकदाच तू तो रकाना कोरा ठेवलास. आमच्या ह्यांची बायपास झाली त्या दिवशी. मुलगी लंडनहून निघाली होती, पोचायची होती. मी कॉरिडॉरमध्ये एकटी, आणि तू ड्यूटी बदलून निळा फोल्डर काखेत मारून आलीस. मला वाटलं हिला वेड लागलंय. तू म्हणालीस, "सेलेस्तूनला होडीने जायचं. सकाळची घ्यायची की दुपारची? लिही." चार तास तू माझ्याकडून होड्या, बस, टोप्या, मच्छरांचं मलम असलं सगळं लिहून घेतलंस. मी सवयीने चौथ्या रकान्याशी गेले तेव्हा माझ्या हातातून पेन काढून घेतलंस. "आज हा नको," एवढंच म्हणालीस. त्या दिवसाबद्दल मी तुला थँक यू म्हटलं नाही. घरी आल्यावर तुला भात वाढला, झालं.

आता माझा दोष सांगते, कारण तू तो कधी काढला नाहीस. अकरा वर्षांत आपण निघालो नाही ते माझ्यामुळे. मुलीची परीक्षा, मग तिचं लग्न, मग ह्यांचं हृदय, मग कोविड, मग नात. दर वर्षी मी ‘पुढच्या नोव्हेंबरला नक्की’ म्हणायचे आणि तू पानांवरच्या तारखा खोडून नव्या घालायचीस. पेन्सिलनेच लिहायचीस तू तारखा. मला वाटायचं हे असंच चालणार. मला खरं तर जायचं नव्हतंच, मला शनिवार हवे होते. चहा, चिवडा, निळा फोल्डर आणि तू.

मग शरदभावजी गेले, नवऱ्यामागे तू एकटी उरलीस, रिटायर झालीस आणि घरात बसवेना म्हणून स्पॅनिशच्या क्लासला नाव घातलंस. मलाही ये म्हणाली होतीस. मी म्हटलं, या वयात कुठे. त्या क्लासात तुझ्या शेजारी येऊन बसली पॉलीन. वीस वर्षं लेस्टरच्या सिटी बस चालवलेली, मोठ्या आवाजाची, लेस्टरची जुनी माणसं म्हणतात तसं सगळ्यांना लाडाने ‘मी डक’, म्हणजे ‘माझं बदक’, म्हणणारी. मी, तू, पोस्टमन, सगळे तिचे ‘मी डक’.

माझ्याकडे यायचीस आणि तिचंच बोलायचीस. पॉलीन असं म्हणाली, पॉलीनने तसं केलं. पॉलीन आणि मी स्केग्नेसला गेलो होतो, नंदे, मार्च महिन्यात, पाणी काय गार होतं! "दोघीही पाण्यात?" मी विचारलं. "दोघीही," तू म्हणालीस, आणि तुझा चेहरा असा उजळलेला होता की मी उठून उगीच भांडी घासायला लागले. तीस-पस्तीस वर्षं मी काठावर बसून तुझं डोकं शोधत राहिले. तिने एका फेरीत तुला पाण्यात सोबत दिली. मला तिचा हेवा वाटला, अलका. मत्सर म्हण हवं तर. साठी ओलांडलेल्या बाईला नर्सरीतल्या पोरीसारखा मत्सर वाटू शकतो हे मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

आणि गेल्या सप्टेंबरात तू म्हणालीस, "नंदे, पॉलीनलाही घेऊ या का मेरिदाला?"

माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं, तर "त्या खुर्चीला दोनच जागा आहेत."

तू हसलीस. "मग फोटो काढायला तिसरी नको का कोणी?"

तुला ती गंमत वाटली. मी रात्रभर तळमळले. फोटो काढणारी कोण असणार हे मला दिसत होतं. तुम्ही दोघी स्पॅनिशमध्ये किलबिलणार आणि मी तुमचे फोटो काढत, पिशव्या राखत.

पुढच्या शनिवारी मी थाप मारली. म्हटलं, पायात गुठळी निघाली आहे, प्रायव्हेट स्कॅन करून घेतला, डॉक्टर म्हणाले लांबचं विमान बंद. एकोणतीस वर्षं पायातल्या गुठळ्या शोधलेल्या बाईला मी हे सांगितलं! कौन्सिलात घर मागायला येणाऱ्या लोकांच्या थापा ओळखण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं, तेव्हा थाप कशी मारतात हे आपल्याला कळतं, असा माझा समज होता.

"कुठला पाय?" तू विचारलंस.

"डावा."

तू खाली बसलीस. माझी सलवार वर केलीस, पोटरी दोन्ही हातांत धरलीस, अंगठ्याने दाबलीस. "दुखतं?" "थोडं." मग टेप मागितलीस, पोटरीचं माप घेतलंस, आणि पुढच्या शनिवारी ते घट्ट लांब मोजे घेऊन आलीस. "रोज घाल," म्हणालीस, "काळजी घे." आणि निळा फोल्डर त्यानंतर माझ्या घरात आला नाही.

मी मोजे घातले. सात महिने, उन्हाचे दिवस आले तरी घातले. आणि सात महिने एकाच वाक्याची वाट बघितली. तू म्हणायला हवं होतंस, ‘मग मीही जात नाही.’ तेवढ्यासाठी तर मी थाप मारली होती. तू ते म्हणाली नाहीस. तू हवापाण्याच्या गप्पा मारल्यास, नातीचे फोटो बघितलेस, मेरिदाचं नाव काढलं नाहीस. मला वाटलं, झालं, हिला सुटल्यासारखं झालं. आणि मग एका मंगळवारी मीराचा फोन आला, आणि तू ते वाक्य म्हणायची शक्यताच संपली.

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी मीरा आली. हातात निळा फोल्डर, तोंडात तिचं ते मोडकंतोडकं मराठी. "मावशी, हा आईच्या कपाटात होता. वरती तुझी नाव लिहिली आहे. मी वाचली नाही, मला आईची हॅण्डरायटिंग समजत नाही." मी तिला जेवायला वाढलं, ती जाईपर्यंत धीर धरला, आणि मग पहिलं पान उघडलं. विमानाच्या बुकिंगची प्रिंट. मँचेस्टर ते कानकुन (तिथून मेरिदाला बस), येता नोव्हेंबर. नावं दोन. तुझं आणि पॉलीनचं.

पुढचं पान मी उलटलं नाही. फोल्डर गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, जुन्या चादरींखाली टाकला आणि दार लावलं. तुझ्यासाठी रडायचं होतं ते राहूनच गेलं. हे म्हणाले, "अगं, तूच नाही म्हणालीस ना?" त्यांच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

त्यानंतर नवव्या दिवशी बेल वाजली. दारात पॉलीन. कार्डिगन घातलेला. ती इंग्लिशमध्ये बोलते, पण तुला मी आपल्या भाषेत सांगते.

"त्रास देते, मी डक," ती म्हणाली. "मेरिदात ज्या बाईंकडे राहायचं होतं, त्यांना ॲलचं कळवायला हवं. ती जागा ॲलनेच ठरवली होती. मला पत्ता नाही माहीत. मीरा म्हणाली, फोल्डर तुझ्याकडे आहे."

आत घ्यावंच लागलं. चहा टाकला. चिवडा दिला नाही. कपाटातून फोल्डर काढून टेबलावर ठेवला तेव्हा तो गरम झालेला होता. पॉलीन तुझ्याच खुर्चीत बसली, अर्थात. तिला कोण सांगणार?

तिने पानं उलटायला सुरुवात केली आणि मी नाही नाही म्हणत वाकून बघायला लागले. तुझं अक्षर, तुझे रकाने. राहायच्या जागेच्या पानावर एक खोली काढलेली होती, दार, खिडकी, भिंतीत हॅमॉकचे, म्हणजे टांगत्या झोळीचे, हूक. बेड एक, खिडकीजवळचा, नंदा. बेड दोन, पॉलीन. हॅमॉक, मी.

"तीन?" मी म्हटलं.

"पहिल्यापासून तीनच," पॉलीन म्हणाली. "आमची तिकिटं स्वस्त आहेत तोवर काढू म्हणाली. तुझं नंतर काढायचं होतं. उन्हाळ्यापर्यंत तुझा पाय बरा होईल, असं म्हणायची."

पॉलीनने बोट चौथ्या रकान्यावर ठेवलं. "हे काय आहे गं? किती वेळा विचारलं, सांगायचीच नाही. लिहायची आणि एकटीच हसायची. आता तूच एक आहेस वाचू शकणारी."

म्हणून मी वाचलं, अलका. माझ्या स्वयंपाकघरात, पॉलीनला, वाक्य वाक्य इंग्लिश करून. ‘पॉलीन उन्हात टोमॅटो होते. मोठी टोपी.’ ती हसली. ‘पॉलीन बस ड्रायव्हरला गाडी कशी चालवायची ते शिकवेल. तिला मागच्या सीटवर बसवणे.’ ती इतकी हसली की डोळे पुसायला लागली, आणि मीही हसले, मला हसायचं नव्हतं तरी. दिवसांची वाटणी बघितली. शहर सात दिवस, समुद्र तीन. तू वाद सोडून दिला होतास! अकरा वर्षांचा वाद मला न विचारता सोडून दिलास, आणि प्रोग्रेसोच्या पानावर, चौथ्या रकान्यात: ‘नंदा पाण्याला घाबरते. कबूल करणार नाही. सावलीची जागा शोधणे, माझं डोकं दिसेल एवढ्याच अंतरावर पोहणे.’

ते मी पॉलीनला वाचून दाखवलं नाही. ‘सावलीची जागा’ एवढंच सांगितलं. सगळंच काय तिला द्यायचं?

"आणि हे?" तिने शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "यात तुझं नाव आहे. हा आकार मला ओळखू येतो आता. सगळीकडे आहे तो."

तिथे लिहिलं होतं: ‘नंदाचा पाय. (पायाला काही झालेलं नाही. राग उतरला की बरा होईल. घाई करायची नाही. तिसरी जागा धरून ठेवणे.)’

तुला ठाऊक होतं. त्या शनिवारी, खाली बसून माझी पोटरी हातात धरलीस, तेव्हापासून ठाऊक होतं. आणि तू एका निरोगी पायासाठी माप घेऊन मोजे आणलेस. मला माझी थाप सांभाळू दिलीस. फोल्डर माझ्यासमोर काढला नाहीस, कारण काढला असतास तर मला पुन्हा खोटं बोलावं लागलं असतं. मी समजत होते तू मला सोडून दिलंस. तू वाट बघत होतीस. वाट बघायला तुझ्याकडे वेळ आहे असं तुलाही वाटलं होतं, आणि ते मात्र तू चौथ्या रकान्यात कुठेच लिहिलं नव्हतंस.

"काय लिहिलंय?" पॉलीनने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. वाचणारी मी एकटीच होते. पण मी म्हटलं, "लिहिलंय की माझ्या पायाला काहीही झालेलं नाही. मी थाप मारली होती. तू येणार म्हणून."

पॉलीनने कप खाली ठेवला. "ते माहीत आहे मला, मी डक."

"अलकाने सांगितलं?" माझा आवाज चढला. ते तू तिला सांगितलं असतंस ना, तर मी तुला माफ केलं नसतं.

"ॲल? छे! ती तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द बोलायची नाही. कंटाळा यायचा ऐकून. नंदा अशी, नंदाने तसं केलं. मला तर तुझा राग यायचा." ती माझ्याकडे थेट बघत होती. "वीस वर्षं आरशातून लोकांना बसमध्ये चढताना बघितलंय. कोणाचा पाय खरंच दुखतो ते कळतं. फ्यूनरलला तू उजव्या पायाने लंगडत होतीस."

मग मी रडले. चार आठवड्यांचं एकदम, त्या पॉलीनसमोर, नाक वाहेपर्यंत. ती उठली नाही, पाठीवर हात फिरवला नाही, एवढं तिला कळलं. किचन रोल पुढे सरकवला. थोड्या वेळाने मी उठून चिवड्याचा डबा काढला.

कार्डिगनचं मात्र मी तिला विचारलं नाही आणि फोल्डरमध्येही त्याचा उलगडा कुठे नाही. तेवढा राग मी राखून ठेवला आहे. तुझ्यावर राग धरायला काहीतरी असू दे माझ्याकडे. मोजे काढून टाकले.

काल मी माझं तिकीट काढलं. तारखा त्याच ठेवल्या, पण वाटणी उलटी केली. समुद्र सात दिवस, शहर तीन. वाद तू असा फुकट सोडून द्यायला नको होतास, तेव्हा मीही सोडला. पॉलीन म्हणते, गुडघ्यापर्यंत पाण्यात नेईन, हात धरून. मी म्हटलं, घोट्यापर्यंत. बघू. हॅमॉक कोणी घ्यायचा यावरून आमचं आत्ताच वाजलं आहे. चौथा रकाना आता मी लिहिते. तिला वाचता येत नाही, ते बरं आहे.

आणि त्या चौकात जाऊन मी त्या खुर्चीत बसणार आहे. आधी ठरवलं होतं, तुझी जागा मोकळी ठेवायची, तिथे माझी पर्स ठेवायची. पण पर्सशी काय बोलणार? समोर पॉलीन बसेल. तिच्याकडे तुझी चार वर्षं आहेत, ती मला माहीत नाहीत. पाण्यात तू कशी हसायचीस ते तिलाच ठाऊक. ते मी सगळं विचारून घेणार आहे, आणि बदल्यात माझ्याकडचं थोडं थोडं देणार आहे, अगदी जिवावर येईल तरी. तुझी नक्कल करू, तुझ्या खोड्या काढू, पोट दुखेपर्यंत हसू, आणि फोटो काढायलाही कोणी नसेल. त्या खुर्चीला दोनच जागा आहेत, अलका. आता हेवा करायची पाळी तुझी.